निवळण्याची खूण

‘आंबणे’, ‘फसफसणे’, ‘उतणे’ आणि ‘निवळणे’ ही चार क्रियापदे ओळीने मांडली, तर किण्वनाची सारी प्रक्रिया डोळ्यांसमोर उभी राहते. पहिल्या तिन्ही अवस्था कोणालाही ओळखता येतात. अवघड असते ती चौथी. घडा खरोखर निवळला, की नुसताच थबकला? घरी बिअर करणाऱ्यांना आज पडणारा हा प्रश्न आपल्याकडील सुराकार आणि वैद्य यांच्यापुढेही होता.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात ‘मेदक’ नावाच्या मद्याची कृती आली आहे. एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व; म्हणजे सोळा, दोन आणि तीन असे प्रमाण. तांदळाची बिअरच म्हणावी अशी ही गोष्ट. मद्यावर राज्याचे कडक नियंत्रण असूनही, कुटुंबांना विशेष प्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा तेथे दिलेली आढळते. या योगात माप आहे. मात्र मद्य तयार झाल्याची खूण नाही. ती करणाऱ्याच्या हाताकानांवर सोपवलेली असावी, असे आम्हांस वाटते.

ही खूण जपली ती वैद्यपरंपरेने. आसव-अरिष्टांचे भांडे तोंड बंद करून पंधरा दिवस किंवा महिनाभर धान्याच्या राशीत ठेवावे, आणि ‘जातरस’ झाल्यावर वापरावे, असा आयुर्वेदाचा प्रघात. ज्याच्यात रस उपजला तो जातरस. काव्यशास्त्र शिकवणाऱ्यांनी या शब्दापाशी क्षणभर थांबावे, इतका तो अर्थपूर्ण आहे. भांड्याला कान लावला असता आतला आवाज थांबलेला असावा, तरंगणारी धायटीची फुले तळाशी बसलेली असावीत, तोंडाशी नेलेली ज्योत विझू नये. आत साखरेचे मद्य होत असते तोवर कार्बन डायऑक्साइड वायू निघतो आणि ज्योत मालवतो. ज्योत तेवत राहिली की काम संपले असे मानायचे.

परंतु या खुणा फसवतात. थंडीत यीस्ट निपचित पडते, बुडबुडे थांबतात, गोडी मात्र शिल्लक राहते. अशी बिअर बाटलीत भरली आणि पुढे हवा तापली, तर किण्वन पुन्हा सुरू होऊन बाटली फुटते. इंग्लंडमध्ये जॉन रिचर्डसन याने १७८४ साली मद्यशाळेत घनतामापकाच्या वापराचा पुरस्कार केला, तो येथे उपयोगी पडतो. पाण्याची घनता १.००० धरली, तर धान्याचा गोड रस १.०५०च्या आसपास असतो आणि साखर संपत आली की १.०१०च्या जवळ उतरतो. तथापि एका आकड्यावर विसंबून चालत नाही. दोन-तीन दिवस लागोपाठ तोच आकडा आला, तरच किण्वन संपले असे म्हणता येते.

आमच्या कोल्हापुरात या कथेला आणखी एक वळण आहे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा अमलात आला. १९५१च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधांवरील बंधने अवैध ठरवली. त्यामुळे गूळ घालून केलेले आसव वैधतेच्या कक्षेत राहिले. घरी परवान्यावाचून मद्य गाळणे वा आंबवणे मात्र आजही गुन्हाच आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे पाहिलेल्या कोणालाही या कायद्यामागची कळकळ नाकारता येणार नाही. पण घरातून घडा गेला, तशी त्याच्याशी जुळलेली पारखही गेली, याचीही नोंद इतिहासाने ठेवायला हवी.

शब्द तेवढे मागे राहिले. दंगलीनंतर ‘वातावरण निवळले’ असे आपण वृत्तपत्रांत वाचतो. ते निवळले की थबकले, हे ठरवण्यापूर्वी घड्याला कान लावणारा वैद्य आणि तिसऱ्या दिवशीही आकडा पाहणारा मद्यकार यांची सवय आपण उसनी घ्यावी, एवढेच सुचवावेसे वाटते.