गोखले, गोपाळ कृष्ण : विधिमंडळातील कार्य

गोखले, गोपाळ कृष्ण : (९ मे १८६६–१९ फेब्रुवारी १९१५). हिंदी राजकारणातील नेमस्त पक्षाचे अग्रणी, भारत सेवक समाजाचे संस्थापक व ब्रिटिश अमदानीतील एक श्रेष्ठ संसदपटू. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे. शिक्षण कोल्हापूर व मुंबई येथे झाले. १८८४ मध्ये ते बी. ए. झाले. त्यानंतर न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांनी अध्यापन केले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम पाहत असता न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली त्यांचे अर्थशास्त्राचे खरे शिक्षण झाले. प्रस्तुत नोंदीत त्यांच्या विधिमंडळीय कार्याचाच विचार केला आहे.

गोखले यांनी ज्या सभागृहांत काम केले, त्यांना आजच्या अर्थाने संसद म्हणता येत नाही. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर भाषण करण्याचा व प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला. परंतु अंदाजपत्रकावर मतदान नव्हते आणि उपप्रश्नही विचारता येत नसे. सार्वजनिक प्रश्नांवर ठराव मांडण्याची सोय १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनंतर झाली. त्यानंतरही केंद्रीय विधिमंडळात सरकारी सभासदांचे बहुमत कायम राहिले. अशा सभागृहात मते जिंकणे शक्य नव्हते. सरकारला त्याच्याच आकड्यांनी उत्तर द्यावयास लावणे व ते उत्तर देशापुढे नोंदवून ठेवणे, एवढेच शक्य होते. ही मर्यादा गोखले यांनी ओळखली होती व त्यांची सारी पद्धती तीतून घडली.

मुंबई विधिमंडळ : १८९९ मध्ये ते मुंबई प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले. तेथील त्यांची कारकीर्द अल्प असली, तरी तीत शेतसाऱ्याचा प्रश्न मुख्य होता आणि या प्रश्नाची मुळे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात होती. प्रिंगलची जमीन पाहणी फसल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्या पद्धतीची पाहणी व ३० वर्षांच्या मुदतीची आकारणी प्रथम इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास लागू केली. तीच पुढे दख्खनमधील रयतवारीचा नमुना ठरली. मुदत संपताच, १८६७ च्या सुमारास, फेरआकारणीने इंदापुरात सारा मोठ्या प्रमाणात वाढला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव त्याच सुमारास उतरले आणि शेतकरी सावकाराच्या वहीत अधिकच अडकला. १२ मे १८७५ रोजी त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा झाला व कर्जखते जाळण्यात आली. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. या दंग्यांच्या चौकशीतून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या दुःखनिवारणाचा कायदा आला. त्यानंतर नीरा डाव्या कालव्याने बारामती व इंदापूर तालुक्यांच्या काही भागांत पाणी आले. बारामती-इंदापूर मार्गावरील काटेवाडीच्या परिसराचे पुढील रूप या कालव्यानेच पालटले. मात्र कालव्याबाहेरचा मुलूख अवर्षणग्रस्तच राहिला. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांत त्याची दैना झाली.

या पार्श्वभूमीवर १९०१ मध्ये सरकारने जमीन महसूल संहितेत दुरुस्ती करणारे विधेयक आणले. साऱ्याच्या थकबाकीपोटी जप्त झालेली जमीन शेतकऱ्याला परत देताना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क काढून घ्यावयाचा, असा त्याचा आशय होता. सावकारापासून रयतेचे रक्षण हा सरकारचा युक्तिवाद होता. गोखले यांचे म्हणणे असे, की जमीन हेच ज्याचे एकमेव तारण, त्याची पत अशाने नाहीशी होईल आणि सरकारच जमीनदार होऊन बसेल. दुष्काळाने खंगलेल्या शेतकऱ्याला आधी साऱ्यात सूट व स्वस्त कर्ज पाहिजे. विधेयक लांबणीवर टाकण्याची सूचना फेटाळली गेली, तेव्हा फिरोजशहा मेहता, गोखले व त्यांचे काही सहकारी यांनी सभात्याग केला. पुण्यात ऑगस्ट १९०१ मध्ये घडलेला हा प्रसंग हिंदी विधिमंडळांच्या इतिहासातील पहिल्या ठळक सभात्यागांपैकी एक होय. नेमस्तांचे राजकारण केवळ अर्जविनंत्यांचे होते असे सरसकट म्हणणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

अंदाजपत्रकावरील भाषणे : मेहता यांच्या जागी गोखले १९०१ च्या अखेरीस केंद्रीय विधिमंडळावर निवडून गेले व मृत्यूपर्यंत तेथे राहिले. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. दुष्काळाच्या पाठोपाठ सरकारी तिजोरीत शिल्लक दिसत होती आणि अधिकारी ती सुबत्तेची खूण मानीत होते. गोखले यांनी हे गृहीतक उलटविले. १८९३ मध्ये टाकसाळी बंद करून रुपयाचा भाव कृत्रिमपणे चढविला गेला होता; त्यामुळे इंग्लंडात भरावयाच्या रकमांसाठी सरकारला कमी रुपये लागू लागले, कर मात्र पूर्वीच्याच दराने वसूल होत राहिले. शिल्लक ही जनतेच्या भरभराटीची नव्हे, तर गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची निशाणी आहे, हे त्यांचे प्रतिपादन होते. मिठावरील कर व शेतसारा कमी करावा, देशी कापडावरील साडेतीन टक्के अबकारी रद्द करावी, लष्करी खर्च आवरावा आणि वाचलेला पैसा शिक्षण व आरोग्य यांवर खर्चावा, या मागण्या ते दरवर्षी नव्या आकड्यांनिशी मांडीत.

त्यांतील काही फळास आल्या. मिठावरील कर दर मणास अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड व १९०७ मध्ये एक रुपयावर आला. प्राप्तिकराची किमान मर्यादा १९०३ मध्ये ५०० वरून १,००० रुपये झाली. याचे सारे श्रेय एका सभासदाला देणे योग्य होणार नाही. तिजोरीत शिल्लक नसती तर कोणत्याही वक्तृत्वाने कर उतरला नसता. परंतु शिल्लक कशी वापरावी, हा वादाचा विषय करणे हे त्यांचे काम होते. कापडावरील अबकारीला मात्र लँकेशायरचे हितसंबंध आड आले व ती १९२५ पर्यंत टिकली.

या भाषणांमागील परिश्रमांत गणेश व्यंकटेश जोशी या शाळाशिक्षकाचा वाटा मोठा होता. सरकारी अहवालांतील आकडेवारीवर त्यांचे विलक्षण प्रभुत्व होते आणि गोखले आपल्या मुद्द्यांसाठी त्यांच्याकडे वारंवार धाव घेत. कलकत्त्याच्या सभागृहात गाजलेल्या युक्तिवादांचा बराच कच्चा माल अशा रीतीने एका शिक्षकाच्या टिपणांतून आलेला आहे.

इतर विषय : १९०३-०४ मध्ये लॉर्ड कर्झनच्या विद्यापीठ विधेयकास गोखले यांनी कसून विरोध केला, विद्यापीठे सरकारी खात्याच्या ताब्यात जातील, ही त्यांची हरकत होती. सरकारी गुपितांविषयीच्या दुरुस्तीलाही त्यांनी विरोध केला. याउलट १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या विधेयकाचे त्यांनी स्वागत केले; मात्र जुने कर्ज फेडण्याची तजवीज झाल्याखेरीज नव्या पतपेढ्या गांजलेल्या रयतेपर्यंत पोहोचणार नाहीत, असे त्यांनी बजाविले. १९०७ च्या राजद्रोही सभांविषयीच्या विधेयकाला विरोध करताना त्यांनी सरकारच्या दडपशाहीवर कडक टीका केली. १९१० च्या वृत्तपत्रविषयक कायद्याच्या मूळ तत्त्वास मात्र त्यांनी विरोध केला नाही. त्यांच्या विधिमंडळीय कारकीर्दीतील ही सर्वांत दुबळी बाजू होय. ज्या शस्त्राला त्यांनी संमती दिली, ते पुढे त्यांच्याच मताच्या पत्रांवरही चालू शकत होते.

गिरमिट मजुरांचा प्रश्न त्यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी ठरावाने मांडला. नाताळमध्ये करारबद्ध मजूर पाठविणे थांबवावे, ही मागणी सरकारने मान्य केली व १ जुलै १९११ पासून ती भरती बंद झाली. ४ मार्च १९१२ रोजी ही पद्धतीच सर्वत्र रद्द करावी, असा ठराव त्यांनी आणला. गैरसरकारी हिंदी सभासदांनी तो एकमुखाने उचलून धरला. सरकारी बहुमताने तो फेटाळला. पुढे १९१६ मध्ये पंडित मालवीयांनी तीच मागणी मांडली, तेव्हा सरकारने तत्त्व मान्य केले व १९१७ मध्ये भरती थांबली.

प्राथमिक शिक्षण विधेयक : पाच खेड्यांपैकी चार खेड्यांत शाळा नाही, हे सरकारनेच १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावात कबूल केले होते. गोखले यांनी १९१० मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणासाठी ठराव मांडला आणि आश्वासनानंतर तो मागे घेतला. त्यानंतर १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयक सादर केले. त्याची घडण इंग्लंडच्या १८७० व १८७६ च्या आणि आयर्लंडच्या १८९२ च्या शिक्षणविषयक कायद्यांवर आधारलेली होती. सक्तीचा निर्णय त्यात मध्यवर्ती सत्तेकडे न ठेवता नगरपालिका व लोकल बोर्डांकडे दिला होता. तोही ज्या क्षेत्रात ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, तेथेच. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्ती व मासिक दहा रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकांस फीमाफी असे त्याचे स्वरूप होते. खर्चाचा दोनतृतीयांश भाग सरकारने उचलावा, अशी त्यांची अपेक्षा होती. मुलींना सक्ती पुढे लागू करता येईल, अशी सोय ठेवली होती. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केलेल्या मागणीच्या तुलनेत ही योजना फारच सावध होती. बडोदे संस्थानात सयाजीरावांनी सक्ती १८९३ मध्ये अमरेली भागात व १९०६ मध्ये सर्वत्र लागू केली होती. गोखले यांनी त्या उदाहरणाचा आधार घेतला.

एवढे सावध विधेयकही सरकारला मानवले नाही. शिक्षणखात्याचे सभासद सर हारकोर्ट बटलर यांनी खर्च, शिक्षकांची उणीव व लोकांची नाखुशी ही कारणे पुढे केली. काही हिंदी सभासदही सरकारच्या बाजूस गेले. खेड्यातील मूल शिकले तर शेतावर मजूर कोठून मिळणार, ही धास्ती जमीनदारवर्गात होती. मुहंमद अली जिना यांनी विधेयकास पाठिंबा दिला. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक चिकित्सा समितीकडे पाठविण्याची सूचना ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळण्यात आली. हा निकाल गोखले यांना अनपेक्षित नव्हता.

विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांतात नगरपालिकांपुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९१८ मध्ये झाला. खेड्यांना त्याचा लाभ नव्हता. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा मूलभूत हक्क संविधानाच्या २००२ मधील शहाऐंशीव्या दुरुस्तीने मिळाला व तद्विषयक कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.