नखांचा सोरायसिस

नखांचा सोरायसिस : त्वचेच्या सोरायसिस या चिवट, दाहजन्य विकाराचा नखमुळात व नखाखालील शय्येत होणारा आविष्कार. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वकीय पेशींवरच उलटल्याने तो उद्भवतो. तो संसर्गजन्य नाही, सबब रुग्णाचे ताट-वाटी निराळे ठेवण्यास काडीचाही आधार नाही. सोरायसिसच्या सुमारे निम्म्या रुग्णांत नखे बाधित आढळतात. क्वचित त्वचा निर्मळ राहून केवळ नखेच बिघडतात, आणि निदान बहुधा तेथेच चुकते.

नखमूळ बाधित झाल्यास नखावर टाचणीने टोचल्यासारखे अनियमित खळगे पडतात व पुढे नख भुगा होऊन झडू लागते. शय्या बाधित झाल्यास नखाआड पिवळट-तांबूस डाग उमटतो, नख टोकाकडून सुटते, सुटलेल्या भागाला लालसर कड दिसते आणि खाली खवल्यांचा थर साचतो.

हिंगोली जिल्ह्यात या लक्षणांची पारख अधिक सावधपणे करावी लागते. ज्या वसमतच्या हळदीस 2024 साली भौगोलिक मानांकन लाभले, तिची काढणी, मोडणी आणि शिजवणी करणाऱ्या हातांची नखे हंगामात पिवळी असणे हे इतके स्वाभाविक की, त्या पिवळेपणाआड दुसरे काही असेल अशी शंका ना मजुरास येते ना घरच्यांस. हळदीचा रंग मात्र नखाच्या पृष्ठावर बसतो व काम सरल्यावर धुण्याने, उन्हाने विटत जातो. सोरायसिसचा डाग नखाखाली असल्याने कितीही घासला तरी हटत नाही. शिवाय नखाला वारंवार बसणारा मार हा विकार चेतवतो, आणि शेतकाम करणाऱ्यास तो टाळणे अवघड.

दुसरी गल्लत बुरशीची. पायाच्या जाड, पिवळ्या नखात दोन्ही विकार एकत्रही नांदू शकतात. म्हणून नखाखालील खरवड सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावाचून महिनोन्‌महिने बुरशीनाशक गोळ्या देणे प्रशस्त नव्हे, आणि दुकानातून चिठ्ठीविना आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम तर सर्वथा वर्ज्य. नखे पातळ होऊन त्यांवर उभ्या रेघा उठल्या असल्यास लायकेन प्लॅनसचा विचार त्वरेने करावा. त्यात नख कायमचे नष्ट होऊ शकते. बोटाचा शेवटचा सांधा सुजणे, सकाळी आखडणे किंवा टाच दुखणे ही सोरायसिसजन्य संधिवाताची सूचना असू शकते, व ती दुर्लक्षिल्यास सांधा विद्रूप होतो.

इलाजात नखे आखूड कापणे, खालचा थर टोकदार वस्तूने न उकरणे आणि ओल्या कामात हातमोजे वापरणे हे प्रथम. मोजकीच नखे बाधित असल्यास कॅल्सिपोट्रिऑल व स्टेरॉइडची मलमे, किंवा नखमुळाशी ट्रायॲमसिनोलोनचे इंजेक्शन. ते वेदनादायक असते, हे रुग्णास आधीच सांगावे. विकार व्यापक असल्यास मेथोट्रेक्सेट देतात. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. नजरचुकीने रोज घेतल्यास प्राणावर बेतते, याकरिता चिठ्ठीवर वार स्पष्ट अक्षरांत लिहावा. रक्ताच्या व यकृताच्या तपासण्या नियमित कराव्यात. गर्भवतीस ते निषिद्ध. जैविक औषधे प्रभावी परंतु महाग असून त्यांपूर्वी सुप्त क्षयरोगाची तपासणी अनिवार्य होय.

हाताचे नख महिन्यास सुमारे 3 मिलिमीटर वाढते, त्यामुळे ते पूर्ण बदलण्यास सहा महिने आणि पायाचे बदलण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. पंधरवड्यात गुण नाही म्हणून दवाखाने बदलणाऱ्या रुग्णाच्या नखांचे छायाचित्र उपचारारंभीच काढून ठेवावे. तुलनेस तेच उपयोगी पडते.