तिरपे चाक आणि शेजारचा माणूस

वेग डोळ्यांना दिसतो, पण कागदावर धरता येत नाही, ही मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या त्या काळातील हौशी छायाचित्रकाराची मोठी अडचण होती. रस्त्याच्या कडेला कॅमेरा घेऊन उभे राहावे, तर हाती एक तर पुसट पट्टा येई, नाही तर गाडी स्पष्ट येई, पण ती जागच्या जागी उभी असल्यासारखी दिसे. आजही शर्यत पाहावयास गेलेल्या नवशिक्याची हीच तक्रार असते. म्हणून या प्रश्नाचा थोडा इतिहास श्रोत्यांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

झाक-आंरी लार्तीग हा १८९४ साली सधन फ्रेंच घरात जन्मला. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी वडिलांनी त्याला कॅमेरा दिला. छायाचित्रण हा त्याचा धंदा नव्हता. तो स्वतःला चित्रकार समजे. फ्रान्सच्या ग्रां प्री शर्यतीत त्याने ६ क्रमांकाच्या गाडीचे एक चित्र घेतले. त्यात गाडीचे मागचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे, तर प्रेक्षक आणि खांब मागे कलले आहेत. गाडीचा पुढचा भाग चौकटीबाहेर गेला आहे. तरीही तेवढा वेग दुसऱ्या कोणत्या चित्रात उतरला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

ही जादू नव्हे. त्या कॅमेऱ्यात काचेपुढे एक पडदा असे व त्या पडद्यातील अरुंद फट काचेवरून सरकत जाई. त्यामुळे सबंध दृश्य एका क्षणी टिपले जात नसे. जमिनीकडचा भाग आधी, माथ्याकडचा नंतर. तेवढ्या अवधीत गाडी पुढे सरकली, म्हणून चाकाचा माथा पुढे उमटला. लार्तीग गाडीबरोबर कॅमेराही फिरवीत होता, पण गाडीहून सावकाश. म्हणून स्थिर उभी माणसे उलट दिशेला कलली. आजच्या मोबाइलमधील कॅमेराही बहुधा ओळीओळीने चित्र टिपतो. धावत्या लोकलच्या खिडकीतून काढलेले खांब तिरपे येतात, त्याचे कारण हेच.

हौशी माणसाने यातून घ्यावयाचा धडा सोपा आहे. पाय घट्ट रोवावेत, कमरेतून वळावे, गाडी दूर असतानाच तिला चौकटीत धरावे, आणि कळ दाबल्यावरही वळणे थांबवू नये. शटरचा वेग फार वाढवू नये. सेकंदाच्या साठाव्या ते सव्वाशेव्या भागात गाडी ठसठशीत येते आणि मागचा देखावा पट्ट्यांसारखा वाहतो. पहिली वीस चित्रे वाया जातील, जाऊ द्यावीत. मात्र चित्रापायी कठड्यापुढे जाऊ नये. १९५५ साली ल मां येथे एक गाडी उडून प्रेक्षकांत शिरली, तेव्हा ऐंशीहून अधिक माणसे प्राणांस मुकली.

आता दुसरी गोष्ट. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने लार्तीगच्या चित्रांचे प्रदर्शन भरविले, आणि वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी तो जगप्रसिद्ध झाला. हे चित्र मात्र दीर्घकाळ '१९१२, देलाज गाडी' अशा नावाने फिरत राहिले. पुढे अभ्यासकांनी गाडीची बांधणी व क्रमांक ताडून पाहिले, तेव्हा गाडी श्नायडर, चालक क्रोके आणि शर्यत १९१३ च्या जुलैतील आमियाँ येथील, असा निष्कर्ष निघाला. चित्रामागे दोन ओळींची बिनचूक नोंद असती, तर एवढा खटाटोप पडला नसता.

आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. चित्र पाहताना आमची नजर आधी राबणाऱ्या हातांकडे जाते. त्या गाडीत दोन माणसे आहेत. चालकाशेजारी बसलेला तो यंत्रकामगार. इंधनाचा दाब हातपंपाने राखणे, तेलावर लक्ष ठेवणे, मागून येणारी गाडी सांगणे, टायर फुटला की चालकाबरोबर उतरून तो बदलणे, ही त्याची कामे. धोका दोघांना सारखाच, कीर्ती मात्र एकाची. १९२४ साली स्पेनमधील सान सेबास्तियनच्या शर्यतीत टॉम बॅरेट हा असाच यंत्रकामगार अपघातात मरण पावला, आणि १९२५ पासून ग्रां प्री शर्यतींत यंत्रकामगाराला गाडीत बसविणे बंद झाले. चित्राच्या त्या प्रसिद्ध नावात गाडीच्या कारखान्याला जागा मिळाली, तीही चुकीच्या. आत बसलेल्या दोघांपैकी एकालाही मिळाली नाही.

तेव्हा कॅमेरा घेऊन शर्यतीला जाणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे असे की, हात स्थिर करण्याचा सराव करा, आणि त्याच बरोबर खिशात वही ठेवा. तारीख, ठिकाण, गाडीचा क्रमांक आणि चालकाचे नाव त्याच दिवशी लिहा. गाडी थांबल्यावर चाक बदलणाऱ्यांचेही एक चित्र घ्या, आणि त्यांची नावे त्यांनाच विचारून मागे लिहून ठेवा.