घरगुती स्नो ब्लोअर : पेट्रोलचा की विजेचा?

अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात घरासमोर साचलेला बर्फ दूर फेकण्यासाठी ‘स्नो ब्लोअर’ हे यंत्र वापरले जाते. कॅनडाचे आर्थर सिकार्ड यांनी १९२५ मध्ये असे यंत्र वाहनावर बसविले. घरगुती यंत्रे त्यानंतरची. तेथे ‘गॅस’ म्हणजे पेट्रोल, हे ध्यानात घ्यावे.

अंगण लहान आणि बर्फ भुसभुशीत, सुमारे २० सेंटिमीटरपर्यंत असल्यास विजेचे यंत्र पुरेसे ठरते. ते हलके असून त्याची देखभाल अल्प असते. मात्र तारेची लांबी मर्यादित असते, वादळात वीज जाऊ शकते आणि कडाक्याच्या थंडीत बॅटरीची क्षमता घटते. लांब वाट किंवा ओला, जाड थर असल्यास पेट्रोलवरील दोन टप्प्यांचे यंत्र अधिक उपयुक्त असते. त्याचे तेल व स्पार्क प्लग मात्र वेळोवेळी बदलावे लागतात.

पेट्रोलचे यंत्र गॅरेजमध्ये, दार उघडे असले तरी, चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन वायू प्राणघातक असतो. यंत्र कोणतेही असो, अडकलेला बर्फ ते पूर्ण बंद करून काठीनेच काढावा. यंत्र थांबल्यावरही दाबाखाली अडकलेले पाते अचानक फिरून बोटे तुटू शकतात.