कोऱ्या शंभर वर्षांचा हिशेब



"आपली पोरं चळवळ सोडून जपानी कार्टून पाहत बसतात," अशी तक्रार वर्ध्यात आम्ही वरचेवर ऐकतो. तक्रार करणाऱ्यांनी 'वन पीस' एकदा पाहावेच. इइचिरो ओदा यांची ही चित्रकथा १९९७ पासून चालू आहे, तर तिची ॲनिमे मालिका १९९९ पासून. केवळ समुद्री चाच्यांच्या मारामाऱ्यांवर ती इतकी वर्षे टिकलेली नाही.

या कथेतले राज्यकर्ते जन्मानेच श्रेष्ठ मानले जातात. ते गुलाम बाळगतात, त्यांच्या अंगावर डाग देतात. फिशर टायगर गुलामांना सोडवतो आणि त्याचे साथीदार त्या डागावर सूर्याचे चिन्ह उमटवतात. मत्स्यमानवांनी माणसाला रक्त देण्यास कायद्याने बंदी आहे. जिन्बे ती झुगारून लुफीला रक्त देतो. शंभर वर्षांचा इतिहास सत्तेने कोरा ठेवला आहे. तो शोधणारे ओहारा बेटावरचे विद्वान ग्रंथालयासकट संपवले जातात.

जन्मावरून माणूस तोलणे जपानलाही नवे नाही. तिथल्या बुराकू समाजाने १९२२ मध्ये क्योतो येथे सुईहेईशा ही संघटना स्थापून स्वाभिमानाचा लढा उभारला.

आणि आपली कोरी पाने? बाबासाहेबांनी १९४६ मध्ये शूद्रांच्या आणि १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मुळाचा शोध ग्रंथरूपाने मांडला, तो ही पाने भरण्यासाठीच.

वर्ध्याचेच पाहा. १९२८ मध्ये इथले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले झाले. जमनालाल बजाजांनी ते खुले केले, हे खरेच आहे. पण दार उघडणाऱ्याचे नाव उरले. दाराबाहेर पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिलेल्यांपैकी एकाचेही नाव आम्हाला कोणी शिकवले नाही. आदल्याच वर्षी महाडला आपल्या माणसांनी पाण्याचा हक्क स्वतः बजावला होता. हक्काची गोष्ट उपकाराची म्हणून सांगितली जाते, तेव्हाही इतिहास पुसला जातो.

म्हणून तरुण मित्रांनो, 'वन पीस' जरूर पाहा. पण लुफीचा झेंडा टी-शर्टवर मिरवून थांबू नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला गेलेली माणसे हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळीकडच्या वस्त्यांत शोधा. कोण कसे गेले, सोबत कोण होते, परतल्यावर गावाने कसे वागवले, हे त्यांना किंवा त्यांच्या लेकरांना विचारा. आवाज रेकॉर्ड करा, नावानिशी लिहून विहारात ठेवा. ती माणसे एकेक करून जात आहेत. ही पाने आपणच भरायची आहेत.