घरातले अठ्ठेचाळीस हिस्से

अब्बांचे चाळिसावे झाले आणि औरंगपुऱ्यातल्या घराचे कागद काढले. घरपट्टीच्या पावतीवर अजून दादांचेच नाव! एक नातेवाईक म्हणाले, “बहिणींकडून हक्क माफ करून घ्या. सह्या झाल्या की काम संपले.”

शरीयतमध्ये मुलीचा हिस्सा ठरलेला आहे, मुलाच्या निम्मा. दफनाचा खर्च, कर्ज आणि एक तृतीयांशापर्यंतची वसीयत वजा जाता जे उरेल, त्यात. पण व्यवहारात अनेकदा रिवाजच जिंकला. १८४७ मध्ये मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन घराण्यांतल्या मुलींनी कुरआनप्रमाणे हिस्सा मागितला. न्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी त्या जमातींचा रिवाज मान्य केला आणि मुली हरल्या. १९३७ च्या शरीयत कायद्याने वारशातला रिवाज बाजूला सारला. शेतजमीन मात्र वगळली. या कायद्यामागे मुस्लिम महिला संघटनांचीही मागणी होती. आपले शहर तेव्हा निजामाच्या राज्यात. हा कायदा इकडे आणला तो १९५९ च्या केंद्रीय कायद्याने.

आता आमचे घर. वसीयत नव्हती, त्यामुळे प्रोबेटचा प्रश्नच नव्हता. दादी दादांच्या आधी गेल्या होत्या. दादांचे वारस दोन, अब्बा आणि फुफी. म्हणजे घराचे ४८ हिस्से केले तर फुफीचे १६ आणि अब्बांचे ३२. अब्बांच्या ३२ मधून अम्मीचे ४, माझे १४ आणि दोन्ही बहिणींचे सात-सात. माणूस गेला त्याच क्षणी हे हिस्से वारसांचे होतात; पावतीवर नाव कोणाचेही असो. कोणाला खरोखर सोडायचे असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. लग्नाच्या मांडवात तोंडी म्हटलेले ‘माफ’ पुरत नाही.

मी बहिणींचा हिशेब करायला बसलो होतो आणि फुफीपाशी अडकलो. इतकी वर्षे तिला कोणी विचारलेच नव्हते. अब्बांनीही नाही. वर्गात मी मुलांना अपूर्णांक शिकवत आलो, पण घरातला हा एक तृतीयांश मला दिसला नव्हता.

कागद घेऊन तिच्याकडे गेलो. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “घेईन की सोडेन, ते नंतर सांगते. आधी माझं नाव तर लाव.”

मिळकत पत्रिकेवर वारसनोंदीसाठी अर्ज दिला आहे. वारसांच्या यादीत पहिले नाव फुफीचे आहे.