क्वेक ३ अरेनामधील फ्रेम दर

क्वेक ३ अरेना हा अमेरिकेतील आयडी सॉफ्टवेअर या कंपनीने तयार केलेला व डिसेंबर १९९९ मध्ये प्रकाशित झालेला नेमबाजीचा संगणकीय खेळ आहे. एका सेकंदात जितकी चित्रे (फ्रेम) तयार होतात, त्या संख्येस फ्रेम दर म्हणतात. बहुतेक खेळांत हा दर वाढल्याने दृश्य अधिक सलग दिसते. या खेळात मात्र खेळाडूच्या उडीची उंचीही फ्रेम दरावर अवलंबून असते. त्यामुळे ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगचा प्रश्न येथे स्पर्धेतील समान संधीशी जोडला गेला.

पार्श्वभूमी

खेळाचे चित्रण ओपनजीएल या प्रणालीवर आधारलेले असून त्यासाठी त्रिमितीय ग्राफिक्स कार्ड अनिवार्य होते. व्हूडू ३ व जीफोर्स २५६ ही कार्डे त्याच वर्षी बाजारात आली. पूर्ण तपशिलासह चित्र काढताना तत्कालीन कार्डांचा फ्रेम दर चकमकीच्या ऐन क्षणी घसरत असे. त्यामुळे स्पर्धक खेळाडू दृश्याचे सौंदर्य कमी करून वेग मिळवीत.

प्रमुख सेटिंग

पुढील आज्ञा खेळातील कन्सोलमध्ये किंवा ऑटोएक्झेक या फाइलमध्ये रोमन अक्षरांत लिहिल्या जातात. पहिल्या तिन्हींचा परिणाम दिसण्यासाठी चित्रण पुन्हा सुरू करावे लागते.

• आर_पिकमिप – भिंती व जमिनीवरील चित्रांचा तपशील. आकडा वाढविल्यास भिंती जवळजवळ एकरंगी दिसतात व कार्डाचा भार हलका होतो.
• आर_व्हर्टेक्सलाइट – किंमत १ ठेवल्यास छायाप्रकाशाचे बारकावे वगळले जातात.
• आर_सबडिव्हिजन्स – वक्र पृष्ठभागांचा गुळगुळीतपणा. आकडा वाढविल्यास कमानी कोनीय दिसतात.
• आर_स्वॅपइंटरव्हल – किंमत ० असल्यास कार्ड पडद्याच्या ताजेपणाच्या आवर्तनाची वाट पाहत नाही. दर वाढतो, परंतु चित्र मध्येच तुटल्यासारखे दिसू शकते.
• कॉम_मॅक्सएफपीएस – फ्रेम दराची कमाल मर्यादा. मूळ किंमत ८५.

१२५ या आकड्याचे गणित

खेळ प्रत्येक फ्रेमचा कालावधी पूर्ण मिलिसेकंदांत मोजतो व १००० ला मर्यादेने भागून अपूर्णांक सोडून देतो. म्हणून ८५ ही मर्यादा प्रत्यक्षात ११ मिलिसेकंद, म्हणजे सुमारे ९० चा दर देते. १२० व १२५ या दोन्ही मर्यादांचा कालावधी ८ मिलिसेकंदच येतो.

उडी मारताना खेळाडूचा ऊर्ध्व वेग सेकंदाला २७० एकके असतो व गुरुत्वाकर्षण तो सेकंदाला ८०० एककांनी घटविते. प्रत्येक फ्रेमनंतर उरलेला वेग जवळच्या पूर्णांकात बदलला जातो. ८ मिलिसेकंदांत ६.४ ची घट व्हावयास हवी, पण पूर्णांकामुळे ती ६ होते आणि खेळाडू अधिक उंच जातो. ११ मिलिसेकंदांत ८.८ ऐवजी ९ ची घट होते. या हिशेबाने उडीची उंची अशी येते:

• पूर्णांकाविना: सुमारे ४५.६ एकके
• मर्यादा ८५ (११ मिलिसेकंद): ४४.६
• मर्यादा १२५ (८ मिलिसेकंद): ४८.६
• मर्यादा १४२ (७ मिलिसेकंद): ४२.५
• मर्यादा ३३३ (३ मिलिसेकंद): ५४.७
• मर्यादा १००० (१ मिलिसेकंद): ३६.५

म्हणजेच अधिक दर नेहमीच लाभदायक नसतो. ३३३ चा दर टिकविणे तत्कालीन यंत्रांना अवघड असल्याने १२५ हा आकडा रूढ झाला. ज्याचे कार्ड तो दर टिकवू शकत नसे, त्याला कौशल्य समान असूनही काही उंच जागा गाठता येत नसत.

उपाय

पुढील सुधारित आवृत्त्यांत पीमूव्ह_फिक्स्ड ही सोय देण्यात आली. सर्व्हरवर ती चालू केल्यास सर्व खेळाडूंची हालचाल ठरावीक कालखंडांनी मोजली जाते. हा कालखंड मुळात ८ मिलिसेकंद आहे. त्यामुळे कार्डाच्या क्षमतेचा उडीशी संबंध उरत नाही. मात्र ही सोय मुळात बंद असते.

आधुनिक कार्डांवर

आजची कार्डे या खेळात शेकडोंचा दर सहज गाठतात. तरीही मर्यादा पूर्णपणे काढून टाकल्यास वरील हिशेबाप्रमाणे उडी खुजी होऊ शकते. म्हणून मर्यादा १२५ ठेवणे उपयुक्त ठरते. कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये पडद्याशी मेळ राखण्याची (व्ही-सिंक) सक्ती असल्यास खेळातील सेटिंग निष्प्रभ होते. ६० हर्ट्झच्या पडद्यावर दर ६० च्या आसपासच थांबतो. दर मोजण्यासाठी खेळातच टाइमडेमो ही आज्ञा आहे. तिने मिळणारा आकडा सरासरीचा असल्याने गर्दीच्या प्रसंगी होणारी घसरण त्यातून कळत नाही.

वारसा

आयडी सॉफ्टवेअरने २००५ मध्ये खेळाचा मूळ प्रोग्राम जीपीएल परवान्याखाली खुला केला. त्यावर आधारित आयओक्वेक३ हा प्रकल्प स्वयंसेवकांनी उभारला. पूर्णांकांचे वरील गणित त्या प्रोग्राममध्ये कोणालाही तपासता येते. २००३ मधील कॉल ऑफ ड्यूटी हा खेळही याच इंजिनावर बांधलेला होता.